पायांना पाठ असलेलं गाव

भक्तपूर, १२ वैशाख, वि. सं. २०५६

तता,

थोरल्या बहिणीचं पत्र नव्या वर्षाच्या जत्रेत आलं आणि जत्रा संपेपर्यंत माझ्या खिशातच राहिलं. रागावू नकोस. गावातली पोरं रथ ओढत होती आणि मी त्यांच्या कडेनं परदेशी पाहुणे ओढत होतो. रथ निदान रात्री थांबतो.

हल्ली रोज दोन फेऱ्या असतात. सकाळी एक, दुपारी एक. वेशीतून आत, राजवाड्याचा चौक, पाच मजली देऊळ, कुंभारांचा चौक, तिथून वळून दत्तात्रय. सव्वीस वर्षं तीच वाट. आता तर मी बोलतच नाही असं वाटतं. तोंड बोलतं, आणि मी त्याच्या मागून चालतो. कुठे थांबायचं, कुठे हात वर करायचा, कुठल्या वाक्याला लोक हसतात, सगळं पायांना पाठ आहे. देवळाच्या पायऱ्यांवर कुणी पाय घसरून पडू नये म्हणून मी त्या मोठ्यानं मोजतो. पाहुण्यांना त्याची गंमत वाटते.

काल एका बाईनं विचारलं, "तुम्हाला कंटाळा येत नाही?" मी म्हटलं, "छे, रोज काहीतरी नवीन दिसतं." हेही रोजचंच वाक्य.

नातवाच्या मुंजीला ये म्हणून लिहिलंस. जमणार नाही गं. जेठात फ्रेंच लोकांचे दोन गट आहेत आणि ऑफिसात फ्रेंच बोलणारा मी एकटा. शिवाय तानसेन म्हणजे दिवसभराची बस, बुटवलला उतरून दुसरी पकडायची, पुढे चढण. गुडघे नको म्हणतात. भिनाजूंना मेहुण्याचा नमस्कार सांग, त्यांच्या दुकानातला एक पितळी करुवा माझ्या नावानं मुलाला दे.

शोभा बरी आहे. परवा माझ्या हातून दह्याचं मडकं फुटलं, म्हणून दोन दिवस घुश्शात होती. आता बोलते.

अक्षराकडे पाहू नकोस. पेन भिकार आहे.

तुझा ग्यानू

*

तानसेन, ९ जेठ

ग्यानू,

मुंज झाली. तुझं पान वाढून ठेवलं होतं, शेवटी तुझ्या भिनाजूंनीच ते संपवलं. त्यांना वाईट वाटलेलं दिसलं नाही.

पेनाला कशाला शिव्या देतोस? पेन भिकार असेल तर शाई फुटते, ओळीवर ओळ चढत नाही. तुझ्या पत्रात दोन ठिकाणी ओळी एकमेकींच्या अंगावर बसल्या आहेत आणि 'शोभा'मधला 'भा' कागद सोडून पळाला आहे. शाळेत सुंदर अक्षराचं बक्षीस तुला मिळायचं, मला नाही.

आता नीट ऐक. गेल्या आठवड्यात आमच्या बाजारात तुमच्याकडचा बिखुलाल आला होता, काळ्या टोप्या विकणारा. त्याला चहा दिला, तुझी चौकशी केली. तो आधी चहाच ढवळत बसला. मग म्हणाला, "तता, वाईट वाटून घेऊ नका. तुमचे भाऊ, आमचे ग्यानदाई, संध्याकाळी भिंत धरून घरी जातात. मी समोर उभा राहून हात जोडले, तर माझ्या अंगावरून सरळ निघून गेले. ओळखसुद्धा दिली नाही."

मी म्हटलं, "कामानं दमत असेल." तो म्हणाला, "दमलेला माणूस भिंत चाचपत नाही."

मडकं फोडतोस, भिंती धरतोस, अक्षर असं, आणि बहिणीकडे यायला तोंड नाही. मी काय समजायचं? थोरले काका आठवतात ना? त्यांचीही सुरुवात 'संध्याकाळी जरा थकवा घालवायला' अशीच झाली होती. काकूनं कानातलं विकेपर्यंत घरात कुणी 'ऐला' हा शब्द उच्चारला नाही. मी उच्चारते. तू दारू पितोस का?

तता

*

भक्तपूर, २ असार

तता,

हो. घेतो थोडी.

रोज नाही. दुपारची फेरी संपली की कुंभारांच्या चौकापलीकडे एकीकडे ऐला मिळते, तिथे बसतो. दोन वाट्या. मग भिंत धरावी लागते.

तू विचारलंस, मी सांगितलं. आता ओरडून घे आणि मोकळी हो. फक्त शोभाला लिहू नकोस, मी सोडेन. दसैंचा सण येईपर्यंत नक्की सोडेन.

पाऊस लागला आहे. पावसात पाहुणे कमी आणि विटा निसरड्या. आकाश भरून आलं की चौकात दुपारीच अंधारून येतं आणि मला फार थकायला होतं. काल फेरीनंतर घरी येऊन जोडे न काढता जिन्याच्या पहिल्या पायरीवर बसून राहिलो. शोभानं विचारलं, "वर का येत नाही?" मी म्हटलं, "येतो." तासाभरानं गेलो.

ग्यानू

*

भक्तपूर, २१ साउन

आदरणीय तता,

तुमचं पत्र मिळालं. तुम्ही मला लिहिलंत हे ह्यांना सांगितलेलं नाही. माझं लिखाण तुमच्यासारखं नाही, चूकभूल पोटात घाला.

तता, हे दारू पीत नाहीत. मी देवाशपथ सांगते. मी शेतकऱ्याच्या घरची आहे, आमच्याकडे सणाला ऐला गाळतात, मला वास कळतो. तुम्ही म्हणता ती कुंभारांच्या चौकापलीकडची बाई माझ्या मावसबहिणीची नणंद आहे. तिला जाऊन विचारलं. ती म्हणाली, "गाईडदाई? त्यांनी माझा उंबरा कधी ओलांडला नाही."

मग त्यांनी तुम्हाला असं का लिहिलं, ते मला कळत नाही.

पण काहीतरी झालं आहे खरं. पुसातल्या थंडीपासून हे बदलले. कधीकधी फेरी संपली की मला विहिरीपाशी उभी राहायला सांगतात. म्हणतात, सोबत बरी वाटते. मी खूश झाले होते, लग्नाला तेहतीस वर्षं झाली, कधी असं बोलले नव्हते. पण वाटेत माझा दंड घट्ट धरतात आणि बोलत काहीच नाहीत. चहा स्वतः ओतून घेतात, तेव्हा कपात बोट घालून बसतात. भाजलं तरी काढत नाहीत. आणि माझ्या तोंडाकडे बघत नाहीत, तता. मी बोलले की माझ्या खांद्यापलीकडे बघतात. मी काही चुकले का, असं दोनदा विचारलं. म्हणाले, "वेडी आहेस."

तुम्ही मोठ्या आहात. तुमच्यापाशी मनातलं बोलतात. त्यांचं माझ्यावरून मन उडालं असेल तर मला कळवा. मी भांडणार नाही.

शोभालक्ष्मी

*

तानसेन, ६ भदौ

ग्यानू,

शोभाचं पत्र आलं. तिच्यावर रागावू नकोस. रागावायचं तर माझ्यावर रागाव, आणि माझं हे पत्र झाल्यावर मग रागाव.

तिनं लिहिलं की तू कपात बोट घालून चहा ओततोस.

ते वाचलं आणि मी दुकानातून उठून मागच्या अंगणात गेले. बोट बुडेपर्यंत ओतायचं, म्हणजे सांडत नाही. हे बाचं. तुला बा आठवतो तो अंगणात खुर्चीवर बसलेला, कायमचा आंधळा. त्याच्या आधीचा बा मी पाहिला आहे. मी चौदा वर्षांची होते, तू सात. खिडकीच्या चौकटीवर वेल कोरताना त्याची छिन्नी सरकली आणि मी समोर होते. त्यानं लाकडावरून अंगठा फिरवला आणि म्हणाला, "चंद्रा, पान तुटलं का?" समोर होतं पान. त्याला दिसत नव्हतं.

मग मला म्हणाला, "आईला सांगू नकोस. काम जाईल."

मी नाही सांगितलं. दोन वर्षं रोज त्याचा डबा घेऊन जायचं निमित्त करून त्याला हाताला धरून कारखान्यात पोचवत होते. लोक म्हणायचे, शिल्पकाराची पोर बापावर फार जीव लावते. मला अभिमान वाटायचा. शेवटी काठमांडूला नेलं तेव्हा डॉक्टर म्हणाला, "आधी का नाही आणलंत? काहीतरी राखता आलं असतं." आईनं माझ्याकडे पाहिलं नाही. तिला माहीत नव्हतं, म्हणून पाहिलं नाही. मी मात्र पन्नास वर्षं त्या खोलीत उभी आहे.

आणि तू दारुडा आहेस असं मला पटवलंस! मी थोरल्या काकांचं नाव काढलं आणि तू ते अंगावर ओढून घेतलंस. दारुडा चालेल, आंधळा नाही चालणार, असं का रे? शोभाला वाटतं तुझं तिच्यावरून मन उडालं. तू तिच्याकडे बघत नाहीस म्हणून रडते आहे ती.

आता मी गप्प बसणार नाही. डॉक्टरकडे जा. दसैंपर्यंत गेला नाहीस तर मी येऊन भर चौकात, तुझ्या पाहुण्यांसमोर कान धरून नेईन. मला फ्रेंच येत नाही, पण त्यांना समजेल.

तता

*

भक्तपूर, २९ असोज

तता,

हे पत्र मी सांगतो आहे आणि शोभा लिहिते आहे. म्हणजे तिला आता सगळं माहीत आहे.

तुझं भदौचं पत्र मी तीन दिवस उन्हात बसून, एकेक शब्द डोळ्यापाशी धरून वाचलं. वाचलं आणि ट्रंकेत ठेवलं. ठरवलं, दसैंपर्यंतचे गट संपवू, मग बघू. तू म्हणशील तसाच मी बाचा मुलगा.

असोजच्या सहा तारखेला अकरा जणांचा गट होता. सगळे वयस्कर, शाळामास्तर. त्यात ओदिल नावाची एक बाई होती, सत्तरीची, बारीक, सगळं वहीत लिहून घेणारी. मी चालत होतो, तोंड बोलत होतं. मठामागच्या गल्लीत बानं दुरुस्त केलेली ती खिडकी आहे ना, तिथे मी नेहमी थांबतो. थांबलो. हात वर केला. म्हटलं, "मोराचा पिसारा पाहा. प्रत्येक पिसाची दिशा वेगळी आहे. आणि तो डावीकडचा वेल बघा, माझ्या वडिलांनी कोरला आहे."

कुणी काही बोललं नाही. एरवी तिथे 'आहा' होतं. मला वाटलं, दमले असतील. मी पुढे निघालो. नंतर कळलं, आदल्या संध्याकाळीच खिडकीवर बांबू बांधून हिरवी जाळी टाकली होती. पूर्ण झाकली होती, तता. मी अकरा माणसांना एक जाळी दाखवत होतो.

तिथून दत्तात्रयाकडे वळताना पाणी जायला नवा पाइप घालायचा म्हणून विटा उचकटल्या होत्या. दोन हात रुंद चर. बांबूला लाल फडकं बांधलेलं. सकाळी मी त्या बाजूनं आलो नव्हतो. माझ्या पायांना ती गल्ली सपाट ठाऊक होती, म्हणून ते गेले. मी पडलो. माझ्या मागेच ओदिल होती. गाईड जातो म्हणजे वाट आहे, असं समजून तीही आली. माझ्या अंगावर पडली आणि तिचं मनगट मोडलं. हाड वाजलं ते मी ऐकलं.

सगळे धावले. तिचा नवरा ओरडला, "ते लाल फडकं तुम्हाला दिसलं नाही?"

मी काहीही सांगू शकलो असतो. पाय घसरला म्हणालो असतो तरी चाललं असतं. पण ती बाई माझ्या शेजारी विटांवर बसली होती, हात पोटाशी धरून, आणि तिनं हळूच विचारलं, "तुम्हाला किती दिसतं?"

इतक्या दिवसांत कुणी विचारलं नव्हतं. मी म्हटलं, "उजव्या डोळ्यानं काहीच नाही. डाव्यानं पुंगळीतून बघावं एवढं. अंधारलं की तेही नाही."

"मग आज सकाळपासून जे दाखवलंत ते?"

"ते खरं आहे," मी म्हटलं. "मी पाहिलेलं आहे. आज नाही, एवढंच."

तिचा नवरा तोंडातल्या तोंडात काहीतरी बोलला. ती त्याला म्हणाली, "गप्प राहा, जॉर्ज." मग मला म्हणाली, "तुम्ही फार दमला असाल." तता, मी रडलो. मोडलेल्या मनगटाच्या बाईपुढे, त्या चराच्या कडेला बसून. हाड तिचं मोडलं होतं आणि रुमाल तिनंच दिला.

तिला दवाखान्यात पोचवलं, प्लास्टर होईपर्यंत बाहेर बसलो. तिथून ऑफिसात जाऊन गळ्यातलं कार्ड टेबलावर ठेवलं. साहेबांनी थांबवलं नाही. थांबवायला नकोच होतं. मी एका बाईला खड्ड्यात नेलं, दुसरं नाव नाही त्याला.

घरी येऊन शोभाला सांगितलं. ती हातातलं काम टाकून समोर येऊन बसली. मग म्हणाली, "म्हणजे तुम्ही माझ्यावर रागावला नव्हता?" आणि हसायला लागली, आणि हसता हसता मला बुक्क्या मारायला लागली. (हे लिही म्हटलं तर लिहीत नव्हती. मी अडून बसलो.)

काठमांडूला जाऊन आलो. काचबिंदू. गेलं ते येणार नाही. डावा आहे तेवढा थेंब घालून राखता येईल, असं डॉक्टर म्हणतात. पुढे काय करायचं ते माहीत नाही. आठ दिवस मी नुसता झोपतो आहे. न दिसण्यानं माणूस एवढा दमत नाही गं. दिसतंय असं दाखवण्यानं दमतो.

एक राहिलं. हे घराण्यात असतं, भावंडांनी तपासून घ्यायलाच हवं, असं डॉक्टरांनी दोनदा सांगितलं. तू जा.

ग्यानू

*

तानसेन, ४ कार्तिक

ग्यानू,

तुझं पत्र तुझ्या भिनाजूंनी मोठ्यानं वाचून दाखवलं. चराजवळ आले आणि पत्र खाली ठेवून पाणी प्यायला उठले. शोभाला सांग, आणखी चार बुक्क्या माझ्याकडून.

कार्ड ठेवलंस ते बरं केलंस. त्या बाईला पत्र लिही. पत्ता नसला तर शोध.

माझी काळजी करू नकोस. मला काय धाड भरली आहे? सुई ओवायला नात आहे. लांबचं सगळं दिसतं. दिव्याभोवती रंगीत कडं दिसतं तेवढंच, पण ते या वयात सगळ्यांनाच दिसत असेल. कधी कपाळ ठणकतं, मग आलं घालून चहा घेते. तिहारचा सण तोंडावर आहे, दिवे घ्यायला दुकानात गर्दी आहे. सवडीनं जाईन.

तता

*

भक्तपूर, ९ कार्तिक

तता,

दिव्याभोवतीचं ते कडं सगळ्यांना दिसत नाही. डॉक्टरांनी मला पहिला प्रश्न तोच विचारला होता. मला ते तीन वर्षांपूर्वी दिसत होतं. छान दिसतं, म्हणून मी कुणाला सांगितलं नाही.

सवड, गर्दी, आल्याचा चहा! हे सगळं मी तुझ्यापेक्षा चांगलं लिहितो. माझ्यावर ओरडलीस ते सगळं पत्र पुन्हा वाच आणि माझ्या नावाच्या जागी तुझं नाव घाल.

किजापूजेला ये. भावाला ओवाळायला नऊ वर्षं आली नाहीस. भिनाजूंना बरोबर आण. दुसऱ्या दिवशी मी तुला काठमांडूला नेतो. म्हणजे तू मला नेशील आणि मी तुला.

ग्यानू

(तता, या. मी खरंच सांगते, हे रात्रीपासून जेवलेले नाहीत. – शोभा)

*

तानसेन, १५ मंसिर

ग्यानू,

सुखरूप पोचलो. बुटवलच्या पुढे बसचं चाक बसलं, पण ते नेहमीचंच.

थेंब सकाळ-संध्याकाळ चालू आहेत. तुझे भिनाजू घालतात. त्यांचा हात थरथरतो, त्यामुळे निम्मं औषध कानात जातं, पण घड्याळ लावून घालतात. दोन्ही डोळ्यांत सुरुवात आहे, पण वेळेत आलात, मरेपर्यंत पुरतील, हे डॉक्टरचे शब्द मी इथे सगळ्यांना सांगत सुटले आहे. त्या डॉक्टरसमोर तू माझा हात दाबलास, तेव्हा मला बाची ती खोली आठवली. एवढंच लिहिते.

तुला आणखी एक सांगायचं होतं, ते तिथे बोलता आलं नाही.

किजापूजा झाली, कपाळावर टिळा आणि गळ्यात मखमली फुलांची माळ तशीच होती, आणि मी म्हटलं, चल, मला तुझी फेरी दाखव. तू म्हणालास, "तू याच गावात जन्मलीस, तुला काय दाखवू?" मी म्हटलं, लोक हजारो मैलांवरून ऐकायला येतात, मी सख्खी बहीण असून एकदाही ऐकली नाही. तेव्हा निघालास. माझा दंड धरलास. पाच मजली देवळाशी तू राजाचं नाव चुकीचं सांगितलंस, मी ते दुरुस्त केलं, तू ऐकेनास, आणि आपण मल्लांच्या मूर्तींपाशी उभे राहून असे भांडलो की दहीवाली हसून हसून खाली बसली. तूच चुकत होतास. मी इथे आल्यावर विचारून घेतलं.

मग मठामागच्या गल्लीत आलो. जाळी काढलेली होती. तू म्हणालास, "इथे मी थांबतो." मी म्हटलं, थांब. पण तू बोललाच नाहीस. समोरच्या धर्मशाळेच्या ओट्यावर बसलास आणि म्हणालास, "तता, तूच बघ. मी दमलो."

मी बघितली. बाचा वेल बघितला. ते तुटलेलं पान त्यानं नंतर बेमालूम वळवून घेतलं आहे, माहीत असल्याशिवाय कळत नाही. तुला सांगायला वळले, तर तू खांबाला टेकून झोपला होतास. उन्हात, तोंड उघडं, माळ वाकडी.

मी उठवलं नाही. तुझ्याजवळ बसून राहिले. कामावर जाणारे-येणारे थांबत, मी ओठांवर बोट ठेवी, ते पाय न वाजवता पुढे जात. अख्खी गल्ली हळू चालत होती, ग्यानू.

मग परदेशी लोकांचा एक घोळका आला, बरोबर कुणी नवा गाईड. त्यांतल्या एकानं तुला पाहिलं. जुना ओटा, कोरलेला खांब, झोपलेला म्हातारा, गळ्यात फुलं. त्यानं कॅमेरा वर केला. मी उठून त्याच्या समोर उभी राहिले आणि म्हटलं, "आज बंद आहे."

आपल्या भाषेत म्हटलं. पण त्यानं कॅमेरा खाली घेतला.

तता